हौद्यातली माती

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘कणखरपणा’ हा शब्द छापला आहे आणि माझे भांडण नेमके त्याच शब्दाशी आहे. समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी माणसांच्या मानसिक आरोग्यावर चर्चा झाली की शेवटी कोणीतरी उठून ‘इतके सोसूनही तुम्ही किती खंबीर!’ असे म्हणतो, टाळ्या पडतात, आणि ज्यांच्यामुळे सोसावे लागले तेही टाळ्या वाजवणाऱ्यांत मिसळून जातात. मला पस्तीस मिनिटे दिली होती. त्यातली पाच सत्कारात गेली. नारळ मात्र चांगला आहे.

आधी एक जुनी हकिकत. मी तेरा वर्षांचा असताना माझे चालणे-बोलणे ‘बायकी’ आहे असा घरात ठराव झाला आणि त्यावर कोल्हापुरात जो हुकमी उपाय समजला जातो, तोच वडिलांनी केला : मला पेठेतल्या तालमीत घातले. पोरगा पुरुष करून परत मिळावा, अशीच बोली झाली असावी. वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि महिनाभर कुस्ती तर सोडाच, जोर-बैठकाही मारू दिल्या नाहीत. हातात फावडे दिले. पहाटे कुस्तीच्या हौद्यात उतरायचे, आदल्या दिवशी पाठींखाली दडपून घट्ट झालेली तांबडी माती खोलवर उकरायची, ढेकळे हाताने फोडायची, खडा लागला तर वेचून बाहेर टाकायचा. मातीत ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर मिसळायचे दिवस वेगळे. त्या दिवशी मी कोठून आलो, हे वर्गातल्या कोणाला सांगावे लागत नसे. एकदा कंटाळा करून मी वरवरचीच माती हलवली. वस्तादांनी मूठभर माती उचलून बोटांत चुरडली, नखाएवढा खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “ह्यो उद्या कुणाच्या तरी मणक्याखाली येणार. पडणाऱ्याला काय सांगशील, घट्ट हो म्हणून?”

मी पैलवान झालो नाही, हे आपल्याला दिसतेच आहे, आणि वडिलांना जे हवे होते तेही झाले नाही. पण रोज पन्नास वेळा आपटला जाणारा गडी दुसऱ्या पहाटे पुन्हा लंगोट कसतो, याचे निम्मे श्रेय मातीचे असते, हे मला त्या महिन्यात कळले.

शाहू महाराजांना ते आधीच कळले होते. स्वतः मल्लविद्येचे एवढे चाहते, पण खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला त्यांनी ‘जिद्द धर’ एवढेच सांगून वाटेला लावले नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढायला बळ दिले. आज त्याच कोल्हापुरात सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेल्या, डोक्यावर जग म्हणजे देवीच्या मूर्तीची परडी घेतलेल्या, साडी नेसलेल्या जोगत्याच्या पाया पडणारे आपण, तोच जोगता भाड्याने खोली विचारायला आला की ‘कालच दिली’ म्हणतो.

चिठ्ठी आली, सात मिनिटे उरली आहेत. पत्रिकेत छापलेला विषय आता घाईने उरकतो.

इलन मायर या अमेरिकी संशोधकाने २००३ साली ‘अल्पसंख्याकांवरील ताण’ ही कल्पना सविस्तर मांडली. टोमणा, मारहाण, नोकरी जाणे हा बाहेरचा ताण. नाकारले जाण्याची सततची धास्ती, लपवालपवी आणि स्वतःविषयी मनात भिनलेली घृणा हा आतला. माझ्याकडे समुपदेशनाला येणारा मुलगा मित्राचा नंबर मुलीच्या नावाने साठवतो आणि जेवतानाही फोन पालथा ठेवतो. दिवसभर अशी राखण करणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, यात नवल कसले? याच मायरने २०१५ साली बजावले की एकट्याच्या कणखरपणावर भर देत गेलो, तर जो सावरू शकला नाही त्यालाच आपण दोषी ठरवतो. समाजाने पुरवलेले बळ वेगळे मोजले पाहिजे. वस्तादांचा खडा तो हाच.

समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती १९७३ साली आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तरीही या शहरातल्या एका डॉक्टरांनी, नाव घेत नाही, माझ्यासमोर एका आईला ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असा सल्ला दिला आणि त्याची फीही घेतली. असा कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. तक्रार तेथे करता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो. मराठीतही बोलता येते.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. मागच्या दोन रांगांत काही आईवडील बसले आहेत. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारावा, एवढी विनंती आहे.