चमचा पडला की

फरशीवर चमचा पडतो. टण्ण! आणि तो आवाज खोलीभर फिरतच राहतो.

हे पणजीतलं फोंतेन्यास, जुन्या घरांची वस्ती. १८४३ साली पणजी पोर्तुगीज गोव्याची राजधानी झाली, त्या शतकातली जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची कौलारू घरं इथे अजून उभी आहेत. अशा घरात रेस्टॉरंट करायचं ठरलं, की आधी चर्चा रंगते ती भिंतींच्या रंगाची. खरं तर व्हायला हवी आवाजाची. खाली नक्षीच्या फरश्या, वर उंच छत, चहूबाजूंनी गुळगुळीत गिलावा. शेजारचं टेबल मोठ्यानं बोलू लागलं की आपणही आवाज चढवतो, मग ते आणखी चढवतात.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात हाच ताप होता. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि मोजत बसला. गाद्या वाढल्या, घुमणं कमी झालं.

इथेही तेच करायचं. टेबलांच्या पोटाला जाड नमदा, खुर्च्यांना गाद्या, दारांना वजनदार पडदे. भिंतीला मात्र एक खिळासुद्धा नाही. उद्या सगळं उचललं, तर घर होतं तसं राहायला हवं.

भिंतीला सिमेंटचा गिलावा नको म्हणतात, तो हट्ट नव्हे. चिरा पाणी पितो. चुन्यातून ते पाणी वाळून जातं. सिमेंट ते आत कोंडतं. मग लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर क्षार फुटतो, पापुद्रे सुटतात, आणि दोन पावसाळ्यांत जेवणाऱ्यांच्या डोक्यावर पांढरी भुकटी.

आता ही खिडकी. काच महाग होती तेव्हा लोकांनी शिंपले घासून, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवले. जवळून बघा, प्रत्येकावर वाढीच्या बारीक रेषा आहेत. बाहेर कडक दुपार, आत टेबलावर उतरतो तो दुधाळ उजेड. सोलकढीचा रंग याच उजेडात बघावा! दिव्यांवर लाखो रुपये ओतूनही हे जमत नाही.

या तावदानातले दोन चौकोन रिकामे आहेत. हा शिंपला आता संरक्षित आहे, नवा काढता येत नाही. काच बसवली असती, तर काम संध्याकाळपर्यंत उरकलं असतं. सुतारानं तिथे तूर्त कापड ताणलंय. जुने शिंपले मिळावेत म्हणून कुठे जुनं घर उतरवताहेत का, याची चौकशी चालू आहे.