भीड आणि शिफारसपत्र

अमेरिकेत डेंटल स्कूलला अर्ज करताना प्राध्यापकांकडे शिफारसपत्र कसं मागायचं, यावर आज तुम्हा मुलांशी आणि पालकांशी बोलायचंय. मी केमिस्ट्री शिकवतो, आणि सुरुवात कबुलीजबाबानेच करतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्या ऑफिसच्या दाराशी आली. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दीडशे मुलांच्या वर्गात तिला ‘ए’ ग्रेड होती. डेंटल स्कूलसाठी लेटर हवं होतं. खरं सांगायचं तर मला तिचा चेहराही आठवत नव्हता. पण दारात उभ्या पोरीला नाही कसं म्हणायचं? म्हणालो, देतो.

रात्री लिहायला बसलो तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, दिसतं त्यापलीकडे एक अक्षर सुचेना. हुशार आहे, वक्तशीर आहे, वर्गात नियमित असायची. ओढूनताणून सात ओळी झाल्या. अशी सात ओळींची स्तुती वाचली की प्रवेश समितीला बरोबर कळतं, या माणसाला ही मुलगी माहीतच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ना? तिला ‘चांगलं लिहाल का’ विचारायची भीड, मला नाही म्हणायची. फुकट गेलं ते तिचं पत्र.

आणि पत्रं मोजकीच असतात. अमेरिकेतल्या बहुतेक डेंटल स्कूलचे अर्ज एएडीएसएएस या सामायिक यंत्रणेतून जातात. तिथे चार वैयक्तिक पत्रं चालतात, किंवा तुमच्या कॉलेजच्या प्री-हेल्थ कमिटीचं, म्हणजे वैद्यकीय शाखांकडे जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या समितीचं, एक आणि वर तीन. टेक्सासच्या सरकारी स्कूलसाठी टीएमडीएसएएस ही वेगळी यंत्रणा. त्यांना दोन पत्रं पुरतात, किंवा कमिटीने पाठवलेला पत्रांचा संच. कोणाची पत्रं हवीत हे प्रत्येक स्कूल आपापलं ठरवतं. विज्ञानाचे दोन प्राध्यापक बऱ्याच जणांना हवे असतात, काहींना डेंटिस्टचंही लागतं. यादी त्यांच्या वेबसाइटवर असते, ती वाचायला माझी गरज नाही. एवढं मात्र ध्यानात असू द्या की एकदा पोचलेलं पत्र परत काढता येत नाही.

आता दुसरा मुलगा. याला ‘बी’ होती. मिश्रणातले पदार्थ वेगळे करायला काचेच्या नळीत सिलिकाची पूड भरतात, तिला कॉलम म्हणतात. प्रयोगशाळेत कॉलम भरताना सिलिकात बुडबुडा राहिला. बाकीच्यांनी तसंच पुढे रेटलं. याने सगळं ओतून टाकलं, नव्याने भरला, काचेवर बोटाने हळूहळू टिचक्या मारत बसला. वेळ संपत आली होती, मी घड्याळाकडे बघत होतो. दोन रंगांचे पट्टे सुरीने कापल्यासारखे वेगळे उतरले. नंतर ऑफिसात येऊन विचारतो, पहिल्या वेळी बुडबुडा का आला? त्याचं पत्र दीड पान झालं, आणि मला काही आठवावं लागलं नाही. ज्याला उद्या दुसऱ्याच्या तोंडात मिलिमीटरच्या हिशोबाने काम करायचंय, त्याच्या हातांबद्दल आणि धीराबद्दल मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहू शकलो. ‘बी’चा उल्लेखही केला, लपवला नाही.

तेव्हा मागायचं कसं? अर्ज मे-जूनमध्ये जातात. तुम्ही निदान दोन महिने आधी या, शक्यतो समोर. सरळ विचारा, ‘मला भक्कम पत्र देता येईल का?’ प्राध्यापक जरासे घुटमळले की आभार मानून उठा. हो म्हणाले तर बायोडेटा, अर्जातला तुमचा निबंध, त्यांच्याकडे कुठल्या सत्रात काय केलं त्याची पाऊणएक पानाची आठवण आणि शेवटची तारीख एकाच ईमेलमध्ये द्या. तारखेच्या दहा दिवस आधी एक आठवण करा. आम्ही विसरतो हो.

अर्जातून प्राध्यापकांना पत्राची विचारणा पाठवताना तुम्हाला आणखी एक प्रश्न येतो, हे पत्र बघण्याचा हक्क सोडता का? १९७४च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या अमेरिकन कायद्याने तो हक्क तुम्हाला दिलाय. माझं मत विचाराल तर सोडा. विद्यार्थी वाचणार हे माहीत असलं की लिहिणाऱ्याचा हात आखडतो, आणि समितीलाही ते ठाऊक असतं.

मघाशी मागून एका आईंनी विचारलं, ‘सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो, तर?’ ताई, इथे सही करून कागद तुमच्या हातात द्यायचा नसतोच. त्यांच्या ईमेलवर लिंक येते, पत्र त्यांनीच चढवायचं. आणि असं म्हणणाऱ्या सरांकडे मुळात तुमच्या मुलीबद्दल लिहायला काय आहे, ते तिला विचारा. काहीच निघालं नाही तर दुसरं दार ठोठवायला अजून वेळ आहे. मार्च चालू आहे.