‘भंगार’ला उत्तर देता येत नाही

‘भंगार सिनेमा. ज्यांना आवडला त्यांना सिनेमा कळतच नाही.’ ऑनलाइन चर्चेत कुणी असं लिहिलं, तर समोरच्यानं काय उत्तर द्यायचं? पहिल्या वाक्यात पकडायला काही नाही. दुसरं सिनेमाबद्दल नाहीच, बघणाऱ्यांबद्दल आहे. मग उत्तरही तुमच्याबद्दलच येणार.

हेच मत असं लिहून बघा: ‘मध्यंतरानंतर बहीण वीस मिनिटं दिसत नाही आणि परतते ती एकदम संतापलेली. हा राग कुठून आला ते मला कळलं नाही, म्हणून शेवट पटला नाही.’ नापसंती तेवढीच कडक आहे. पण आता कुणी म्हणू शकतं, ‘जेवताना ती काही न बोलता ताट सरकवते, राग तिथूनच सुरू झालाय.’ तो प्रसंग दोघांनाही परत बघता येतो.

पाठवायच्या आधी आपलं वाक्य कुठल्या जातीचं आहे ते बघा. ‘सिनेमा १४० मिनिटांचा आहे’ ही माहिती. ती चुकली असेल तर सरळ दुरुस्त करा. ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून तिथे गप्प बसणं हा आदर नव्हे, आळस आहे. ‘आई खोटं बोलतेय’ हा लावलेला अर्थ. त्याला पुरावा जरूर मागा. ‘मला कंटाळा आला’ हा अनुभव. त्याचा पुरावा कसला मागता? घोळ होतो तो अनुभव माहितीच्या थाटात लिहिल्यामुळे: ‘सिनेमा रटाळ आहे.’ ‘मला’ हा एक शब्द घातला की पुढचे दहा प्रतिसाद टळतात.

आकडे तोंडावर फेकण्याचीही एक खोड असते. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे गुण नव्हेत. किती परीक्षणं अनुकूल आहेत त्याचं ते प्रमाण. दहाच्या दहा समीक्षकांनी ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’ एवढंच म्हटलं, तरी १०० टक्के होतात.

आणि जाणकारांचं तरी कुठे ठरलंय? ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी सर्वांत उत्तम सिनेमा कोणता, यावर समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ज’ अव्वल होता आणि ‘सिटिझन केन’ पहिल्या दहातही नव्हता. १९६२ ते २००२ तोच ‘सिटिझन केन’ अव्वल. २०१२ला ‘व्हर्टिगो’ पहिला आला, २०२२ला ‘जान दिएलमान’. सिनेमे होते तेच होते.

उपरोध जपून वापरा, लिहिताना आवाज पोचत नाही. शेवट फोडणार असाल तर पहिल्याच ओळीत सांगा.

तरीही वाद पेटलाच, तर एक साधा प्रश्न विचारा: कुठे पाहिलात, आणि कुठल्या भाषेत? भर उजेडात फोनवर पाहिलं तर अंधारातले प्रसंग नुसते काळे दिसतात. डबिंगमध्ये नटाचा आवाजच बदलतो. एकजण ‘अभिनय निर्जीव आहे’ म्हणतो, दुसरा चिडतो, आणि दोघांनी ऐकलेली माणसंच वेगळी असतात.