मूल कोल्हापुरात अडकलं तर: पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं

नमस्कार मंडळी.

आपण परदेशात राहतो. मूल आई किंवा वडिलांबरोबर सुट्टीला कोल्हापूरला जातं, परतीची तारीख उलटते आणि तिकडून निरोप येतो, "आम्ही आता येत नाही." मग दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात आणि सांगतात, "दिवाळीपर्यंत दम धरा." हेतू चांगला असतो, पण खरं नुकसान तिथंच होतं. तोवर जूनमध्येच मुलाचं नाव तिथल्या शाळेत घातलेलं असतं, ते तिथं रुळतं, आणि न्यायालय नेमकं तेच पाहतं. बोलणी जरूर करा, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

एका पालकाने दुसऱ्या देशात नेऊन ठेवलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे इथल्या, म्हणजे आपण राहतो त्या देशातल्या, कोर्टाचा मुलाच्या ताब्याचा आदेश कोल्हापुरात आपोआप लागू होत नाही. मुलाचं हित सर्वांत वर आणि परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तरीही तो आदेश आधी मिळवाच. मुलाचं घर कुठं होतं आणि तुम्ही किती लवकर हललात, हे त्यातून दिसतं. त्याची प्रमाणित प्रत घेऊन अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा अधिकृत दाखला) करून घ्या.

मुख्य मार्ग उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिकेचा, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणाऱ्या याचिकेचा. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही त्याच्याच कक्षेत येतात. तुमच्या वतीने तिथं नातेवाईक धावपळ करणार असतील तर मुखत्यारपत्र लागेल. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहून गेलं की ऐनवेळी कागद अडतो.

पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. मूल आई किंवा वडिलांजवळच असेल तर ते बहुधा "हा दिवाणी वाद आहे" म्हणतात. तक्रारीची पोच मात्र घेऊन ठेवा. आणि मूल परस्पर उचलून आणण्याचा विचारही नको. मुलाला त्याची दहशत बसते आणि तुमची बाजूही पडते.

सर्वांत घातक चूक म्हणजे कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयाची नोटीस आली आणि "आपण परदेशात, आपल्याला काय" म्हणून ती बाजूला ठेवली. मग एकतर्फी आदेश होतो. वकील उभा करा आणि पहिल्याच उत्तरात अधिकारक्षेत्राला हरकत घ्या. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथं राहतं तिथलं न्यायालय अर्ज ऐकतं. सुट्टीचा मुक्काम म्हणजे राहणं नव्हे. ही हरकत शाबीत करायला इथल्या शाळेची हजेरी, डॉक्टरांच्या नोंदी, परतीचं तिकीट हे सगळं लागतं. रागाच्या किंवा दमल्याच्या भरात "ठेव अजून महिनाभर" असा व्हॉट्सॲप संदेश तुम्ही पाठवला असेल, तर तो संमती म्हणून पुढे येतो. परतीची तारीख मेलवर स्पष्ट लिहा.

याचिका चालू असतानाच रोजच्या व्हिडिओ कॉलची मागणी करा. ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाचदहा मिनिटं बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

मूल घेऊन गेलेला पालक पुष्कळदा परत यायला घाबरतो. अटक होईल, राहायला घर नाही, हातात पैसा नाही. म्हणून याचिकेसोबतच हमीपत्र द्या: दोघांची तिकिटं, स्वतंत्र घराचं भाडं, खर्चाला रक्कम, आणि इथली फौजदारी तक्रार पुढे न रेटण्याचं लेखी वचन.