फोनमधली हर्रास

मंडळी, सोयाबीन निघालं की आपण दारव्ह्याच्या बाजार समितीत जातो. ढीग टाकतो, व्यापारी भोवती जमतात, मुठीत दाणे घेऊन ओल पाहतात आणि हर्रास सुरू होते. भाव पटो न पटो, शेतकरी ढिगाजवळ उभा असतो. बोली कोणाची, कितीची, हे त्याच्या कानावर पडतं. आज मी ज्या हर्राशीबद्दल बोलणार आहे, ती पोराच्या हातातल्या फोनवर होते आणि घरात कोणाला तिचा पत्ता नसतो.

परवा बहिणीच्या ओसरीवर भाचा गेम खेळत होता. सातवीत आहे. रंगीत गोळे फोडायचे. जीव संपला आणि पडद्यावर आलं : व्हिडिओ पाहा, एक जीव मिळवा. त्यानं दाबलं. तीस सेकंद भलत्याच गेमची जाहिरात. मग कोपऱ्यात मुंगीएवढी फुली उमटली, त्याचं बोट जरासं चुकलं आणि प्ले स्टोअर उघडलं. पोरगं निमूट मागं आलं आणि पुन्हा गोळे फोडू लागलं.

त्या तीस सेकंदांची विक्री बहुतेक वेळा जीव संपायच्या आधीच होऊन जाते. गेममध्ये बसवलेला एक छोटा प्रोग्राम निरोप धाडतो : फोन कोणता, गेम कोणता, भाषा कोणती, अंदाजे ठिकाण काय, आणि त्या फोनचा जाहिरात क्रमांक, म्हणजे जाहिरातवाल्यांना तो फोन ओळखता यावा म्हणून दिलेला नंबर. सेकंदाच्या आत जाहिरातदारांच्या यंत्रांकडून बोल्या येतात. चढी बोली जिंकते. हिशेब हजार वेळा दिसण्यावर होतो, आणि अमेरिकेतल्या हजारांना जो भाव मिळतो त्याच्या कितीतरी कमी आपल्या हजारांना. हा बाजार भरवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. कॅलिफोर्नियातली ॲपलव्हिन त्यातलीच. २०२१ साली तिनं ट्विटरकडून मोपब ही जाहिरात कंपनी घ्यायचा सौदा केला, १०५ कोटी डॉलरला. गूगलची ॲडमॉब आहे. बंगळुरूची इनमोबी २००७ पासून आहे. बहुतेक खेळणारे गेमवर एक रुपयाही खर्च करत नाहीत, म्हणून त्यांच्या वेळेतून पैसा काढायचा, हा या धंद्याचा पाया.

हे मी बाहेरून पाहून सांगत नाही. पुण्यात असताना आम्ही तिघा मित्रांनी एक गेम केला होता. कमाई वाढावी म्हणून मी प्रत्येक पातळीनंतर जाहिरात टाकली. आठवडाभर आकडे चढले. पोरं कंटाळतील तिथंच जाहिरातीचं बटण ठेवायचं, हेही मीच ठरवलं होतं. भाच्याचं चुकलेलं बोट पाहिलं तेव्हा मला ते बटण आठवलं आणि जेवण गोड लागलं नाही.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. तो फोन भाच्याचा नाही, त्याच्या बाबांचा आहे. आपल्याकडे घरात एकच फोन असतो. सकाळी बाजारभाव पाहायला, संध्याकाळी पोट्ट्यांना. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. हा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. पण यंत्राच्या लेखी समोर पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी बसला आहे. मग झटपट कर्जाची जाहिरात सातवीतल्या पोराच्या डोळ्यांपुढं येते. मुलाला राखणारा कायदा बाबांच्या खात्यापाशी अडतो. शहरात बसून नियम लिहिणाऱ्यांनी एका घरात एक फोन ही गोष्ट धरलेली दिसत नाही, आणि ती धरायलाच हवी.

खेळू नका असं मी पोरांना सांगणार नाही. रानात पाऊस अन् घरात लाइट नाही अशा दिवशी दुसरं करणार काय? नेट न लागणारा गेम असेल तर डेटा बंद करून खेळू द्या, नव्या जाहिराती बव्हंशी थांबतात. दुसरं, सेटिंगमध्ये गूगल, तिथं जाहिराती, आणि तिथं जाहिरात क्रमांक हटवायची सोय असते. जाहिराती त्यानं बंद होत नाहीत, पण तो क्रमांक धरून तुमचा माग काढणं तुटतं. काकाजी, तुमचा फोन द्या इकडे. बाई, तुम्हीही या. मी इथंच बसतो, एकेकाचा पाहू.