बुडावरची अक्षरं

मंडळी, माझ्या वडिलांची सगळी नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत झाली. म्हणून अमेरिकेत आल्यावर जुनी रायफल घ्यायची ठरवली, तेव्हा ती इशापूरचीच घ्यायची हे मनात पक्कं होतं. कलकत्त्याजवळच्या त्या कारखान्यातल्या ली-एनफिल्ड, म्हणजे इंग्रजी फौजेच्या धाटणीच्या ३०३ रायफली, इथल्या ऑनलाइन लिलावांत अजूनही येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण सभागृहात तरुण मंडळी आहेत. एच-वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर थोडे अपवाद सोडता फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला बंदी आहे. ग्रीन कार्ड झाल्यावरच या छंदाचा विचार करा.

मग संग्राहकाचं लायसन. इथे त्याला 'सी अँड आर' म्हणतात, म्हणजे 'क्युरिओज अँड रेलिक्स', जुन्या संग्राह्य बंदुका. तीन वर्षांना ३० डॉलर, वय किमान २१, आणि अर्जाची एक प्रत आपल्या भागातल्या पोलीसप्रमुखाकडे जाते. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली बंदूक साधारणपणे यात बसते. १८९८ पर्यंत बनलेलीला फेडरल कायदा अँटिक मानतो, तिला हे लायसनही लागत नाही. लायसनचा फायदा असा, की परराज्यातला विक्रेता बंदूक थेट आपल्या पत्त्यावर पाठवू शकतो. एरवी ती गावातल्या डीलरकडे येते आणि तिथे फॉर्म ४४७३, म्हणजे खरेदीदाराचा सरकारी फॉर्म, भरावा लागतो. मात्र राज्याचे कायदे याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर बोली लावण्याआधी ते नीट वाचा.

आता खरा विषय, फोटो कसे बघायचे. माझी पहिली खरेदी फसली. वर्णनात 'मूळ स्थितीत' असं लिहिलं होतं. खोकं उघडलं तर पुढचा लाकडी दस्ता शिकारीसाठी कापलेला. विक्रेत्याने नळीच्या टोकाचा फोटोच दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. दस्ता कापला की मूळ रूप गेलं, किंमत गेली आणि ती 'सी अँड आर'मध्ये बसते का हाच प्रश्न उभा राहतो. तेव्हापासून माझा नियम आहे: बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यावरचा) नंबर, बॉडीवरचा नंबर आणि नळीचं तोंड, या तिन्हींचे जवळून काढलेले फोटो आल्याशिवाय बोली लावायची नाही.

दुसरी रायफल इशापूर टू-ए-वन. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्याला रायफली कमी पडत होत्या, तेव्हा जुन्या ३०३ च्या धाटणीवरच ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ही घडवली. मॅगझिन बारा गोळ्यांचं, चौकोनी. दस्त्यात आडवा स्क्रू असतो, लाकूड फुटू नये म्हणून मारलेला. संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणतात. माझ्या रायफलीवर चिकट ग्रीसचा थर होता. केरोसिनच्या फडक्याने तो पुसत गेलो, तसं आधी 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी इशापूर) दिसलं, मग १९६६, मग वर अशोकस्तंभाचे सिंह. जुन्या रायफलींवर त्या जागी इंग्रजांचा मुकुट असतो. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्याच संध्याकाळी वहीत नोंद केली. ही वही म्हणजे लायसनचा जीव आहे. बंदूक घेतली की लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर नोंद झालीच पाहिजे: कोणाकडून आली, मॉडेल, नंबर, कॅलिबर. विकली तर सात दिवसांत. फेडरल अधिकारी ही वही तपासू शकतात. आणि हे लायसन संग्रहासाठी आहे, नफ्याकरता घेऊन विकत राहण्यासाठी नाही. 'चार घेऊन दोन विकतो' म्हणणाऱ्याला मी थांबवतो; तो धंदा झाला, त्याला डीलरचं लायसन लागतं.

बोलीचा आकडा ठरवताना लिलावघराचं कमिशन आणि पाठवणावळ धरूनच ठरवा.

इथे मी रायफल आणलेली नाही. ३०३ काडतुसाची एक रिकामी पुंगळी टेबलावर ठेवली आहे. तिच्या बुडावर 'केएफ' आहे, म्हणजे खडकी, आणि शेजारी वर्ष. वडील तेव्हा कारखान्यात कामाला होते. अक्षरं बारीक आहेत, भिंग शेजारीच ठेवलंय.