अठरा पूर्ण : बालगृहाच्या दारातून बाहेर पडताना

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली तारीख. घरोघरी त्यावरून थट्टा चालते.

बालगृहातल्या मुलासाठी अशी अंदाजाची तारीख थट्टेची राहत नाही. जन्माचा दाखला नसेल, शाळेचाही नसेल, तर डॉक्टर हाडांची तपासणी करून वय ठरवतात. मग बालकल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती, जे वय नोंदवते, तेच कायद्याने खरं धरलं जातं. त्या नोंदीनुसार 18 पूर्ण झाले की बालगृहातला मुक्काम संपला.

[दृश्य : बालगृहाचा व्हरांडा, भिंतीलगत ओळीने पत्र्याच्या पेट्या]

ती तारीख नोव्हेंबरात आली तर? बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. आणि बारावीपर्यंत पोचलेली असणंही नशिबाचंच, कारण रस्त्यावरून किंवा स्टेशनवरून आलेली मुलं शाळेत बसतात तीच मुळी उशिरा. घरातल्या मुलाला अठराव्या वर्षी कुणी सांगत नाही की आता तुझी खोली दुसऱ्याला द्यायची आहे.

कायद्याने याचा काही विचारच केलेला नाही असं म्हणता येणार नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. वयाच्या 21 व्या वर्षापर्यंत, आणि अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यासाठी महिन्याला 4000 रुपये ठरवले. पण याच कायद्याचं कलम 46 ही पैशाची मदत शक्यता म्हणून ठेवतं, हक्क म्हणून नाही. ज्या जिल्ह्यात अधिकारी धडपड्या, तिथल्या मुलाला ती मिळते. बाकीच्यांनी हेलपाटे घालायचे.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का दिला तो याच व्यवस्थेत वाढलेल्या एका मुलीने. अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढल्या, 18 व्या वर्षी बाहेर पडून पुण्यात आल्या, पडेल ते काम करत शिकल्या आणि एमपीएससीला बसल्या. तिथे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राने गाडी अडली. कुटुंब ठरलेल्या उत्पन्नमर्यादेच्या आत आहे असं सांगणारं ते प्रमाणपत्र आईवडिलांच्या उत्पन्नावर मिळतं. आईवडीलच नाहीत, तिने कुणाचं उत्पन्न दाखवायचं? हा सवाल घेऊन त्या मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत गेल्या. जानेवारी 2018 मध्ये मंत्रिमंडळाने अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण, म्हणजे महिला किंवा खेळाडूंना असतं तसं प्रवर्गाच्या आतलं आरक्षण, मंजूर केलं. सुरुवातीच्या अटी कडक होत्या, 2021 मध्ये व्याप्ती वाढवली गेली.

निर्णय चांगलाच. पण आरक्षणाचा फॉर्म भरायला हातात अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची वाट बालगृहाच्या कपाटातल्या फायलीतूनच जाते.

[दृश्य : टेबलावर फाइल, पानं उलटणारा हात]

ही फाइल जरा जवळून बघू. प्रत्येक मुलामागे एक वैयक्तिक देखभाल आराखडा भरायचा असतो. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांमधला नमुना 7. शिक्षण, आरोग्य, आवडीनिवडी, भावनिक गरजा, सगळे रकाने आहेत. एका भागाचं नाव सुटकेपूर्वीचा अहवाल. तो केव्हा करायचा, हेही तिथेच लिहिलंय : बाहेर पडण्याच्या 15 दिवस आधी. त्यापुढचा भाग मूल बाहेर गेल्यानंतरचा, आणि त्यात तक्ता येतो : जन्म दाखला, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, आधार. आहे की नाही, नसल्यास काय कार्यवाही केली.

म्हणजे कागद गोळा झाले की नाही हे विचारायचं, पण मूल निघून गेल्यावर! तहसील कार्यालयात एकदा तरी दाखला काढलेल्या माणसाला 15 दिवसांत काय काय होतं हे वेगळं सांगायला नको. त्यात हा अर्जदार पत्ता काय लिहिणार? जुना पत्ता संस्थेचा, नवा अजून ठरायचाय. खोली घ्यायची तर भाडेकराराला कागद हवेत, आणि कागदांना पत्ता.

संस्थेबाहेर नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांची गत फार निराळी नाही. बालसंगोपन योजनेची रक्कम 2023 मध्ये महिना 2250 रुपये झाली, त्याने खूप घरांना हात मिळाला. तीही 18 ला थांबते.

आमच्या मते सुधारणा सुरू व्हायला हवी ती सोळाव्या वर्षापासून. दहावीच्या सुट्टीत त्या तक्त्यातला एकेक कागद हातात पडावा. बँकेचं खातं स्वतः चालवता यावं. अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव मूल संस्थेत असतानाच निघावा, कारण तेव्हा पाठपुरावा करायला अधीक्षक आहेत, मुलांची प्रकरणं बघणारे परिविक्षा अधिकारी आहेत. आणि ज्याचं शैक्षणिक वर्ष अर्धवट आहे, त्याला निकालापर्यंत अनुरक्षणात जागा मिळेल, हे समितीने आधीच लेखी द्यावं.

कलम 46 मधली मदत हक्क करायची तर कायदा संसदेला बदलावा लागेल. बाकी सगळं राज्याच्या नियमांत आणि जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या टेबलावर होण्यासारखं आहे.